‘हा पुन्हा असं करणार नाही’ असा दाखला मिळतो का?

वाळवा तालुक्यातल्या एका मामांनी विचारलंय. त्यांचा भाचा १७ वर्षांचा, अकरावीत नापास होऊन गॅरेजवर जात होता. गल्लीतल्या ९ वर्षांच्या मुलीच्या घरच्यांनी तक्रार दिली, पोक्सो (मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा कायदा) लागला, पोरगं सध्या निरीक्षणगृहात आहे. बाल न्याय मंडळाने मानसशास्त्रीय तपासणी सांगितलीये. कुणीतरी त्यांना सुचवलंय की त्याआधी बाहेरून एखाद्या सायकॉलॉजिस्टचं सर्टिफिकेट आणा, “मानसिक स्थिती चांगली आहे, हा पुन्हा असं करणार नाही” असं. तर असा दाखला कुठे मिळतो, लाय डिटेक्टर लावून पोरगं खरं बोलतंय हे दाखवता येईल का, असं ते विचारतायत. आणि शेवटी एक ओळ सहज लिहिलीये, की जामीन झाला तर त्याला आमच्याकडेच ठेवणार आहे, माझी दोन पोरं लहान आहेत, ७ आणि ४ वर्षांची.

मामा, मी साताऱ्यात क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आहे, वीसेक वर्षं हेच काम करतेय, सातारा-कराड-सांगली-मिरज या पट्ट्यातल्या केसेसमध्ये मंडळाला आणि कोर्टाला अहवाल दिलेत, साक्षीला उभी राहिलेय. सरळ सांगते, तसा दाखला लिहून देणारे तुम्हाला भेटतील, पण तो घेऊ नका. आणि तुम्ही शेवटी जी ओळ लिहिलीत ना, माझ्या मते सगळ्यात मोठा प्रश्न तोच आहे, त्याच्याकडे मी शेवटी येते.

आधी एक गुंता सोडवू. तुम्ही एक प्रश्न विचारलाय पण त्यात तीन आहेत. त्याने हे केलं का, हा एक. केलं असेल तर तेव्हा त्याला कळत होतं का, हा दुसरा. आणि पुढे असं काही करेल का, हा तिसरा. तिन्हीची उत्तरं वेगवेगळी माणसं, वेगवेगळ्या वेळी देतात, आणि घरच्यांची, कधीकधी वकिलांचीही, इथेच गल्लत होते.

पहिल्याचं उत्तर मी देऊच शकत नाही. कुठलीही चाचणी, ती शाईच्या डागांची असो की पाचशे प्रश्नांची, “याने केलं” किंवा “याने केलं नाही” असं सांगत नाही. असा गुन्हा करणाऱ्यांचा एकच एक स्वभाव नसतो, की तो जुळला तर दोषी आणि नाही जुळला तर निर्दोष. शांत, अभ्यासू, देवळात जाणारी पोरंही यात सापडतात आणि उडाणटप्पू पोरं साफ निर्दोष निघतात. लाय डिटेक्टरचं म्हणाल तर सेल्वी केसमध्ये २०१० सालीच सुप्रीम कोर्टाने सांगितलंय की नार्को, पॉलिग्राफ, ब्रेन मॅपिंग ही माणसाच्या मर्जीविरुद्ध करता येत नाहीत, आणि स्वखुशीने केली तरी नुसता तो निकाल पुरावा म्हणून चालत नाही. त्यात पैसे घालू नका, आणि आधीच भेदरलेल्या पोराला आणखी एका मशीनपुढे बसवू नका.

दुसरा प्रश्न म्हणजे मंडळाने सांगितलेली तपासणी. २०१५ च्या बाल न्याय कायद्याचं कलम १५. वय १६ ते १८ असेल आणि गुन्हा ‘घोर’ असेल, म्हणजे ज्याला किमान शिक्षाच ७ वर्षं किंवा त्याहून जास्त आहे, तरच ही तपासणी होते. त्यात तीन गोष्टी बघायच्या असतात, असा गुन्हा करण्याची शारीरिक-मानसिक क्षमता होती का, परिणाम समजण्याची कुवत होती का, आणि कुठल्या परिस्थितीत हे घडलं असं म्हणतायत. पोराला पहिल्यांदा हजर केल्यापासून ३ महिन्यांत हे संपवायचं असतं. त्यावरून मंडळ ठरवतं की केस आपल्याकडेच चालवायची की मोठ्यांसारखी बाल न्यायालयाकडे पाठवायची. मंडळाकडेच राहिली तर सिद्ध झाल्यावरही जास्तीत जास्त ३ वर्षं विशेष गृह, तिकडे गेली तर गणित सगळं बदलतं. म्हणून ही तपासणी जड आहे. पण ती खटला नव्हे असं कायदा स्वतःच सांगतो, आणि ती करताना मूल निर्दोष आहे असंच धरून चालायचं हे केंद्राच्या २०१६ च्या आदर्श नियमांत, १०-क मध्ये, लिहिलेलं आहे.

म्हणून पहिलं काम, वकिलांना नेमकं कलम विचारा. मुलगी १२ वर्षांखालची आहे म्हणून गुन्हा गंभीर प्रकारातच धरणार, पण त्यातही दोन वाटा आहेत. पोक्सोचं कलम ६ लागलं असेल तर किमान शिक्षा २० वर्षं, तो घोर गुन्हा झाला, कलम १५ ची तपासणी होणार. पोक्सोचंच कलम १० असेल तर किमान ५ वर्षं, मग नुसत्या त्या कलमावर ही तपासणी लागूच होत नाही. भारतीय न्याय संहितेची कलमं सोबत लावलीत का तेही बघा. आणि घटनेच्या दिवशी १६ पूर्ण होती का हे शाळेच्या दाखल्यावरून पक्कं करा, तो नसेल तर ग्रामपंचायतीचा जन्मदाखला, हाडांची तपासणी सगळ्यात शेवटी. कलमाची खातरजमा न करता लोक महिना महिना सायकॉलॉजिस्टच्या दारात फिरतात हे मी बघितलंय.

आता ही तपासणी होते कशी ते सांगते म्हणजे तुमची भीती थोडी कमी होईल. एका पोराचं सांगते, ओळख लागू नये म्हणून तपशील बदललेत. निरीक्षणगृहातली छोटी खोली, लोखंडी टेबल, पोरगं समोर बसलेलं, अंगातला शर्ट दोन मापं मोठा, नखांत अजून काळं ऑइल. मी आधी नेहमीचं सांगितलं, की मी तुझी डॉक्टर म्हणून आलेली नाही, तू जे सांगशील ते मी मंडळाला लिहून देणार, नको वाटलं ते सांगू नकोस. तो बराच वेळ गप्प होता, मग म्हणाला, “म्हणजे तुम्ही आमच्याकडनं का त्यांच्याकडनं?” मी म्हटलं कुणाकडनंच नाही, मंडळाने मला तीन गोष्टी विचारल्यात त्याचं उत्तर द्यायचंय. मग त्याला म्हटलं, मी काय सांगितलं ते तुझ्या शब्दांत सांग. त्याने बोटावर मोजून सांगितलं हा कागद कुणाकुणाकडे जाणार, मॅजिस्ट्रेट मॅडम, वकील, सरकारी वकील. आईचं नाव नाही घेतलं. मग हळूच विचारलं, “आईला वाचून दाखवतील का?” परिणाम कळण्याची कुवत मी अशा ठिकाणी बघते, चाचणीच्या आकड्यावर तेवढी दिसत नाही. त्याला शाळेतली एक मारामारीची गोष्ट दिली आणि विचारलं पुढे काय होईल, तर दर वेळी उत्तर एकच, “घरी मारतील.” ज्याला मारलं त्याला काय होईल हे त्याच्या तोंडून तिसऱ्यांदा विचारल्यावर आलं. हे मी जसंच्या तसं लिहिलं, कारण १७ व्या वर्षी इतकीच समज असणं ही त्या मुलाच्या बाबतीतली माहिती आहे, चांगली पण नाही वाईट पण नाही.

घटनेबद्दल मी कबुलीजबाब काढत नाही. ते माझं काम नाही, आणि अहवालात तसलं काही घुसलं तर पोराचं नुकसान. बुद्धिमत्तेसाठी मी बहुतेक वेळा बिने-कामत वापरते, कामतांनी ती मराठी आणि कानडी मुलांना धरूनच बसवली होती, आपल्या सीमेवरच्या पोरांना ती परकी वाटत नाही. बुद्ध्यांक सत्तरच्या आसपास निघाला आणि शाळेने कधी लक्षातच घेतलं नव्हतं असंही झालंय. तुमचा भाचा अकरावीत नापास का झाला, आधीपासूनच मागे होता का, हे शाळेत जाऊन विचारा आणि जुन्या गुणपत्रिका काढून ठेवा, सर्टिफिकेटपेक्षा त्याचा उपयोग होईल. आणि मंडळावर मानसशास्त्राचा जाणकार कुणी नसेल तर तज्ज्ञाची मदत घेणं बंधनकारकच आहे असं सुप्रीम कोर्टाने २०२२ मध्ये बरुण चंद्र ठाकूर प्रकरणात म्हटलंय. घाईघाईत तासाभरात तपासणी उरकली असं वाटलं तर वकिलांना हे नाव सांगा.

आता तिसरा प्रश्न, पुन्हा करेल का. ज्या आरोपाचा निकालच लागलेला नाही त्याच्या ‘पुनरावृत्ती’चा अहवाल आत्ता द्यायचा म्हणजे केलं हे गृहीत धरायचं. तुम्हीच एका हाताने निर्दोष म्हणायचं आणि दुसऱ्या हाताने “पुन्हा करणार नाही” असा कागद द्यायचा, सरकारी वकील तो ‘पुन्हा’ शब्दच धरतील. कायद्यात या प्रश्नाची खरी जागा पुढे आहे. केस बाल न्यायालयात गेली, सिद्ध झाली, तर पोरगं २१ वर्षांचं होईपर्यंत सुरक्षित ठिकाणी राहतं, आणि २१ ला कोर्ट बघतं की याच्यात सुधारणा झालीये का, समाजात नीट राहील का. तिथे असा अहवाल लागतो. मोठ्या माणसांच्या केसमध्ये शिक्षा ठरवताना लागतो, फाशी होऊ शकेल अशा प्रकरणात आरोपीचा मानसशास्त्रीय अहवाल सरकारने समोर ठेवावा असं सुप्रीम कोर्टाने मनोज विरुद्ध मध्य प्रदेश यात २०२२ मध्ये सांगितलंय.

पण तेव्हाही अहवालात काय असतं? सांगलीकरांना मी नेहमी कृष्णेवरच्या आयर्विन पुलाचं उदाहरण देते. तिथे पुराचं पाणी ४० फुटाला गेलं की इशारा, ४५ ला धोका. २०१९ ला ५७ च्या वर गेलं. पुलावरचा आकडा बघून “तुझ्या घरात पाणी येणारच” किंवा “येणारच नाही” असं कुणी लिहून देतं का? सूर्यवंशी प्लॉटातल्या माणसाला माहीत असतं की आपलं घर सखल आहे, ते काही बदलत नाही. बदलतं ते कोयनेतून किती सोडलंय, पाऊस किती आहे, आणि आपण सामान वेळेत वर नेलं का. धोक्याचं मूल्यमापन असंच असतं. काही गोष्टी बदलत नाहीत, वय, आधीचे गुन्हे, मूल ओळखीचं होतं की अनोळखी. काही बदलतात, दारू, रिकामा वेळ, मोबाईलवर काय बघतो, कुणाशी बोलतो, लहान मुलांसोबत एकटा राहतो का, मनात लहान मुलांबद्दलच ओढ आहे का, नियम मोडायची सवय आहे का. शेवटच्या दोन गोष्टींना संशोधनात सगळ्यात जास्त वजन आहे.

आकडे सांगते कारण लोकांच्या मनात फार भलतं असतं. परदेशातल्या २९,००० हून जास्त लैंगिक गुन्हेगारांवरचे अभ्यास हॅन्सन आणि मॉर्टन-बुर्गॉन यांनी २००५ मध्ये एकत्र केले, तर ५-६ वर्षांत पुन्हा तसाच गुन्हा नोंदला गेला अशांचं प्रमाण १४ टक्क्यांच्या आसपास. अल्पवयीन मुलांवरचे अभ्यास कॉल्डवेलने २०१६ मध्ये एकत्र केले, तिथे ते ५ टक्क्यांच्या आत. आता हे फक्त नोंद झालेले गुन्हे, आपल्याला माहितीये किती पोरी गप्प बसतात, त्यामुळे खरा आकडा याहून वरच असणार. तरीही हिशोब बघा. १०० पोरांमागे ५ धरली, तर मी एकाही पोराचं तोंड न बघता शंभरच्या शंभर जणांना “पुन्हा करणार नाही” असा दाखला दिला तर ९५ खरे ठरतील. म्हणूनच त्या दाखल्याला काडीची किंमत नाही. उरलेल्या ५ पोरांच्या आसपास जी लेकरं राहतात त्यांना त्या कागदाचा काय उपयोग? आणि उलट, घाबरून मी ३० पोरांवर ‘धोकादायक’ असा शिक्का मारला, त्यात ती पाचही आली असं धरलं, तरी २५ पोरं विनाकारण भरडली गेली.

परदेशी मोजपट्ट्या आहेत, स्टॅटिक-९९आर नावाची खूप वापरतात, १० मुद्दे, त्यावर गुण. ती मोठ्या पुरुषांसाठी आहे, १७ वर्षांच्या पोराला लावणं चूक. मोठ्यांनाही मी तिचा टक्केवारीचा आकडा उचलून मराठी अहवालात चिकटवत नाही. त्यातला एक मुद्दा आहे, दोन वर्षं जोडीदारासोबत राहिलाय का. आपल्याकडे २३ वर्षांचं पोरगं लग्नाआधी आईवडिलांकडेच राहतं, म्हणून त्याच्या नावावर एक गुण चढवायचा? १२ ते १८ च्या मुलांसाठी जे-सोप म्हणून यादी आहे, तिच्यातले प्रश्न मी आठवणीला वापरते, काही विचारायचं राहू नये म्हणून, पण कमी-जास्त ठरवायचे कट-ऑफ आकडे तिच्यात दिलेलेच नाहीत.

अजून एक. पोरगं नाकारतंय म्हणजे जास्त धोकादायक, असं पोलीस स्टेशनपासून नातेवाइकांपर्यंत सगळे म्हणतात. संशोधनात नुसत्या नाकारण्याचा आणि पुन्हा गुन्हा करण्याचा म्हणावा तसा संबंध सापडत नाही. बाप दाराबाहेर बसलेला असताना कुठलं पोरगं कबूल करेल. त्यामुळे “कबूल कर म्हणजे सुटशील” किंवा “अमुकच बोल” असं काहीही त्याला शिकवू नका. पाठ केलेली उत्तरं आम्हाला पाच मिनिटांत कळतात आणि मग त्याचं खरं बोलणंही संशयात जातं.

मी हे इतकं पोटतिडकीने का सांगतेय, तर मी स्वतः सुरुवातीच्या वर्षांत असा एक अहवाल दिला होता. तासाभराची एक भेट, आईशी थोडं बोलणं, आणि शेवटी “पुनरावृत्तीची शक्यता कमी”. उलटतपासणीत सरकारी वकिलांनी विचारलं, मॅडम, शाळेत गेला होता का? नाही. परिविक्षा अधिकाऱ्यांचा (प्रोबेशन ऑफिसरचा) सामाजिक तपासणी अहवाल वाचला का? नाही. कमी म्हणजे किती, आणि कुणापेक्षा? माझ्याकडे उत्तर नव्हतं. मग त्यांनी सांगितलं की ती मुलगी त्याच आवारात, दोन दारं सोडून राहते. मला माहीत नव्हतं. माझ्या अहवालात त्या मुलीबद्दल एक ओळ नव्हती. तो अहवाल कोर्टाने बाजूला ठेवला, बरोबरच केलं.

तेव्हापासून मी ‘करेल-नाही करेल’ लिहीत नाही. धोका कधी चढतो आणि कशाने उतरतो ते लिहिते, आणि कोण काय करणार ते नावानिशी. ऊसतोडीच्या एका मुलाच्या केसमध्ये, आईबाप पहाटे तीनला फडावर, कोपीत म्हणजे झोपडीत मागे हा आणि चार-पाच लहान पोरं, निम्मी शेजारच्या कोप्यांतली. तिथे मी पोराच्या स्वभावावर पान भरून काय लिहिणार होते? लिहिलं ते असं, हंगामात याने कोपीवर थांबायचं नाही, गावी चुलत्याकडे राहून शाळा करायची, चुलत्याच्या घरात लहान मूल नाही याची परिविक्षा अधिकाऱ्यांनी खात्री करायची, आठवड्याला समुपदेशन, सहा महिन्यांनी पुन्हा भेट. मंडळाला असा कागद वापरता येतो.

त्या ९ वर्षांच्या मुलीबद्दल तुम्ही काही लिहिलं नाहीत, मी समजू शकते, पण तिच्या घरी निरोप, मध्यस्थ, गावकीची बैठक यातलं काहीही करू नका. ही केस आपसात मिटणारी नाही, दबाव टाकला असं दिसलं तर जामीन अडकेल, आणि ते लेकरू आधीच काय सोसतंय ते तुम्हाला-मला माहीत नाही. तिचं म्हणणं खरं की खोटं हे ठरवायला मी कधी बसत नाही, तुम्हीही बसू नका.

भाच्याला आत्ता मदत हवीये ती वेगळ्या माणसाकडून घ्या. जो अहवाल देणार त्याच्याकडेच उपचार नकोत, एकाच माणसापुढे मन मोकळं करायचं आणि त्यानेच कोर्टाला लिहायचं हे जमत नाही. सिव्हिलला मानसोपचार विभाग आहे, मिरजेला शासकीय मेडिकल कॉलेजचं हॉस्पिटल आहे, टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ फुकट आहे, मराठीत बोलतात. वकिलाचा खर्च झेपत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करा, मुलांना वकील मोफत मिळतो, १५१०० वर फोन करा. एवढं मात्र लक्षात असू द्या, उपचार करणाऱ्याला दुसऱ्या एखाद्या मुलाबाबत काही घडल्याचं कळलं तर पोक्सोच्या कलम १९ खाली त्याला कळवावंच लागतं.

आता तुमची शेवटची ओळ. मामा, त्याला तुमच्या घरी ठेवू नका. तो दोषी आहे असं मी म्हणत नाही, ते मला माहीत नाही आणि तुम्हालाही नाही. पण ७ आणि ४ वर्षांची पोरं असलेल्या घरात तो राहिला तर तुमची बायको रात्री झोपणार नाही, तुम्ही त्याच्याकडे बघायची पद्धत बदलेल, आणि पोरांपैकी कुणी साधं रडत बाहेर आलं तरी सगळ्यांच्या नजरा त्याच्यावर जातील. तुमच्या पोरांना जपायचंय आणि त्यालाही. जामिनासाठी बाल न्याय कायद्याच्या कलम १२ मध्ये मंडळ हेच बघतं, की बाहेर सोडल्यावर तो वाईट संगतीत किंवा धोक्यात तर जात नाही ना, मग त्याला आधीच उत्तर द्या. नात्यात दुसरं कुणी आहे का, ज्या घरात लहान मूल नाही आणि जे त्या मुलीच्या गल्लीत नाही? दिवसभर तो कुठे असेल, गॅरेजवाला परत घेईल का, सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून परीक्षा देईल का, मोबाईल कुणाजवळ राहील? एका कोऱ्या कागदावर त्या घरातल्या माणसांची नावं, वयं, खोल्या किती, रात्री कोण कुठे झोपतं, एवढं लिहा आणि पुढच्या तारखेच्या आत वकिलांच्या हातात द्या.